चावली की गेली

धाकटीला उंदरांची भीती कधीच वाटली नव्हती. तिला भीती वाटायची ती जिन्यावरच्या पावलांची. घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या, आणि त्यांच्या चपलांचा आवाज पहिल्या पायरीवर आला की धाकटी हातातलं काम टाकून मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. भाडेकरारात स्वच्छ लिहिलं होतं, घरात कुठलाही प्राणी पाळायचा नाही. आणि मागच्या खोलीत एक नाही, दोन नाही, सात मोठे उंदीर आणि नुकतीच जन्मलेली अकरा पिल्लं होती.

उंदीर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गटार उभं राहतं, त्याला इलाज नाही. हे उंदीर तसले नव्हते. कुणी पांढऱ्या अंगावर काळी टोपी घातलेला, कुणी राखाडी, कुणी बदामी. हाक मारली की जाळीशी येणारे, खांद्यावर बसून कानाची पाळी चाटणारे. धाकटी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासूनपुसून चमकवायचे. तोंडाशिवायच्या दातांबरोबर आठ तास काढल्यावर बाईला घरी कुणीतरी बोलायला हवं. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस घराचं तोंड बघायचा नाही. त्याची अट एकच होती, आपण घरी असताना त्यातला एकही अंथरुणात नको.

हौस होती, पण हौसेलाही शिस्त होती. प्रत्येक उंदराचं वहीत एक पान. वजन, जन्मतारीख, आई कोण, बाप कोण, छाती घरघरते का, स्वभाव कसा. जोडी जमवायच्या आधी धाकटी दोन्हीकडच्या आजी-आजोबांची पानं काढून बसायची. तिच्या स्वतःच्या लग्नात कुणी एवढं बघितलं नव्हतं. आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत एक नियम होता. चावली की गेली. माणसाला चावणारी मादी कितीही देखणी असो, ठेवायची नाही, कारण चावरेपणा पिल्लांत उतरतो. राणी नावाची बदामी मादी वजन करताना एकदा चावली, फार नाही, रक्तसुद्धा नीट आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती डब्यात बसून प्राण्यांच्या दुकानात गेली. तिथे तिचं पुढे काय झालं, हे धाकटीने विचारलं नाही.

‘एकदा दात लावला ना, की मग कितीही लाड करा, भरवसा नाही,’ असं ती त्या दिवशी फोनवर नवऱ्याला सांगत होती. पलीकडच्या खोलीत सासूबाई विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुया मध्येच थांबल्याचं धाकटीच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंना या घरी येऊन सात महिने झाले होते. त्याआधी त्या थोरल्याकडे असत. एका रविवारी दिरांनी त्यांना आणि त्यांच्या बॅगेला जिन्यापाशी सोडलं, ‘थोडे दिवस हवापालट’ म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले. हवापालट अजून चालूच होता. थोरली जाऊ फोनवर धाकटीला म्हणाली होती, ‘जपून हं. त्या बोलत नाहीत, चावतात.’ धाकटी हसली होती आणि तेच वाक्य तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं.

जिभेला धार होती हे खरंच. भाजीत मीठ कमी पडलं तर सासूबाई मीठ मागत नसत, ‘मिठाचा भाव वाढला वाटतं’ म्हणत. उंदरांवर तर त्यांचा विशेष राग. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहायच्या, शालीचा पदर नाकाला लावायच्या आणि ‘शी, शी, शी’ असं तीनदा म्हणून परत फिरायच्या. सगळ्यात म्हाताऱ्या नराचं नाव धाकटीने जावईबापू ठेवलं होतं, कारण त्याला सगळं हातात लागायचं आणि तरी तो रुसायचा. ‘मला मुलगी नाही,’ सासूबाई म्हणायच्या, ‘पण जावई बघा कसा मिळाला, शेपटीवाला.’

ताप आला तो शुक्रवारी.

पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई थंडीने अशा कुडकुडायला लागल्या की पलंगाच्या कडेचा पाण्याचा पेला वाजत राहिला. गुडघे दुखत होते, मनगटं दुखत होती, उजव्या हाताची मूठ त्यांनी छातीशी धरून ठेवली होती आणि तिला हात लावू देत नव्हत्या. ‘सांधे धरलेत, हात नको लावूस,’ असं म्हणत होत्या. तापाचा काटा एकशे चारच्या पुढे गेला तेव्हा धाकटीची गाळण उडाली. नवरा आठवडाभराच्या वाटेवर होता. ती धावत खाली गेली आणि ज्या दारासमोरून पाय न वाजवता जायची, तेच दार तिने वाजवलं.

मालकीणबाईंनी एक प्रश्न विचारला नाही. घरातल्याच कपड्यांवर गाडी काढली, सासूबाईंना स्वतः धरून बसवलं, इस्पितळात ओळखीच्या नर्सला गाठून खाट मिळवली. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं धाकटीला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

डॉक्टर तरुण होता, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्याने नाडी बघितली, पोट बघितलं, कुठे प्रवास झाला का, पाणी बाहेरचं प्यायलात का, सगळं विचारलं. मग विचारलं, ‘घरात काही प्राणी आहेत? कुत्रा, मांजर, पक्षी?’

मालकीणबाई खाटेच्या पायथ्याशी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

‘नाही,’ धाकटी म्हणाली.

‘छे हो, काही नाही,’ सासूबाईही तापातून म्हणाल्या.

सात महिन्यांत सासू-सुनेचं एकमत झालं ते या एका गोष्टीवर. डॉक्टरने लिहून घेतलं. धाकटीने मनाची समजूत घातली. त्याने कुत्रा विचारला, मांजर विचारलं, उंदीर कुठे विचारला? आणि विचारला असता तरी काय, ज्या बाई उंबरा ओलांडत नाहीत त्यांना उंदरांपासून काय होणार? समजूत चांगली होती, पण ती टिकेना.

कारण उंदीर पाळणारा माणूस एक गोष्ट सगळ्यात आधी शिकतो. उंदीरचाव्याचा ताप. उंदीर धडधाकट असतो, त्याला काही होत नाही. त्याच्या तोंडात जंतू असतात आणि ते चाव्यातून माणसाच्या रक्तात गेले की आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे धरतात, तळहातांवर पुरळ उठतं. वेळेवर कळलं तर साध्या इंजेक्शनने माणूस उठून बसतो. नाही कळलं तर ते जंतू हृदयापर्यंत जातात. हे धाकटीने पहिला उंदीर घरी आणायच्या आधी वाचलं होतं, आणि आजवर ते स्वतःच्या हातांसाठी लक्षात ठेवलं होतं.

रविवार गेला, सोमवार गेला. रक्ताच्या तपासण्या येत होत्या आणि त्यांत काहीच सापडत नव्हतं. सोमवारी संध्याकाळी नर्सने पांघरूण सारलं आणि सासूबाईंच्या तळपायांवर लालसर ठिपके दिसले. धाकटी नर्स जाईपर्यंत थांबली. तिने सासूबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, ‘आई, तुम्हाला कुणी चावलं होतं का? खरं सांगा.’

सासूबाईंनी डोळे उघडले. ताप असूनही नजर चांगली धारदार होती.

‘मला कोण चावणार?’ त्या म्हणाल्या. ‘चावण्याचं खातं माझ्याकडे आहे ना?’

आणि मूठ पांघरुणात ओढून घेतली.

मंगळवारी सकाळी डॉक्टर म्हणाला, ‘सांध्यांचाच आजार दिसतोय. शरीर स्वतःवरच उलटतं, तसला. बाराला एक औषध सुरू करतो. जोरदार आहे, शरीराची लढण्याची ताकद ते दाबून टाकतं, त्यामुळे आत दुसरा कुठला जंतू नाही याची खात्री हवी. पण तसं काही दिसत नाही. तुम्ही घरी जाऊन त्यांचे जुने कागद घेऊन या, तेवढ्यात मी तयारी करतो.’

‘मी बसते इथे,’ मालकीणबाई म्हणाल्या. ‘जा तू. आणि येताना त्यांची शाल आण, सारखी शाल मागताहेत.’

घर तीन दिवसांचं बंद होतं. मधे दोनदा येऊन धाकटीने उंदरांना खाणं-पाणी घातलं होतं, ते डोळे मिटूनच घातल्यासारखं. आता तिने कपाटातून कागदांची फाइल काढली, खुंटीवरची शाल खांद्यावर टाकली आणि पाण्याच्या बाटल्या भरायला मागच्या खोलीत गेली.

जावईबापू नरांच्या पिंजऱ्यात कोपऱ्यात पडला होता. त्याचे मागचे पाय म्हातारपणाने गेले होते. गेला महिनाभर तो धाकटी आली तरी मान वर करण्यापलीकडे कष्ट घेत नसे. आज त्याने मान वर केली, नाक हलवलं आणि उठला. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ओढत पिंजऱ्याच्या दाराशी आला, गजांतून नाक बाहेर काढलं. त्याच्या मागून दोन्ही तरणे नर धावत आले. तिघांची नाकं एकाच दिशेला, तिच्या खांद्याकडे.

धाकटी एक पाऊल डावीकडे सरकली. नाकं डावीकडे वळली. तिने शाल खांद्यावरून काढून हातात धरली आणि हात लांब केला. तिच्याकडे कुणी बघेना. सगळे शालीकडे.

खिडकीशी जाऊन तिने शाल उजेडात धरली. काठाला बारीक, गोल, स्वच्छ कातरलेली भोकं होती. एक नाही, पंचवीस-तीस. कसरीने खाल्लेलं भोक असं नसतं, त्याच्या कडा झिरझिरीत असतात. असली भोकं धाकटीच्या प्रत्येक कुडत्याला होती. उंदीर असं भोक पाडतो ते फक्त त्या कपड्याला, ज्यात तो मजेत लपेटून बसतो. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ओळख जुनी झाली, की मग.

म्हणजे दुपारी, ती कवळ्या घासत असताना, रोज.

शाल हातातून गळून पडली. ती उचलायला वाकली आणि काजळीच्या पिंजऱ्याची खालची बाजू तिच्या डोळ्यांसमोर आली. काजळी म्हणजे अकरा पिल्लांची आई, डोळ्यांभोवती काळी रेघ असलेली. तिच्या पिंजऱ्याच्या खालच्या गजांना एक पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली होती. ही पट्टी धाकटीने दहा-बारा दिवसांपूर्वीच बघितली होती, आणि नवऱ्याने ट्रकवर जाण्याआधी बांधली असेल असं धरून चालली होती. आता तिने गाठ बघितली. पट्टी हिरव्या लोकरीने बांधली होती. सासूबाई सात महिने जो हिरवा स्वेटर विणत होत्या आणि कुणासाठी ते सांगत नव्हत्या, त्याच लोकरीने.

बाळंतीण मादीच्या पिंजऱ्याला कुणी हात लावला होता, आणि त्या हाताला जावईबापूचा वास होता. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ परक्या नराचा वास आला तर जगातली सगळ्यात गरीब मादीसुद्धा दात लावते. म्हणून धाकटी एका पिंजऱ्यातून दुसऱ्याकडे जाताना साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. हे सासूबाईंना कोण सांगणार? त्या तर उंबऱ्यावरून ‘शी’ म्हणणाऱ्या.

तिने दिवस मोजले. आठ दिवस, मग ताप. बरोबर बसत होतं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिने इस्पितळात फोन लावला, तो वाजत राहिला. मालकीणबाईंचा नंबर डोळ्यांसमोर होता. त्यावर बोट ठेवलं आणि उचललं. त्यांना फोनवर काय सांगणार, बाई, तुमच्या घरात अठरा उंदीर आहेत, तेवढं डॉक्टरला कळवा? एवढ्या घाबरलेल्या क्षणीही तिची जीभ रेटेना, याची तिला स्वतःची किळस आली. फाइल तिथेच टाकून ती जिना उतरली.

बस सिग्नलला थांबली की ती उठून उभी राहायची, जणू ती उभी राहिल्याने बस निघणार होती. शेजारच्या बाईने विचारलं, ‘बरं वाटत नाही का?’ धाकटीने मान हलवली. हो की नाही, तिलाच कळलं नाही. तिला सारखा तो डॉक्टर दिसत होता, चष्मा वर सारून ‘प्राणी नाहीत’ असं लिहिणारा. त्याने विचारलं, आणि ती नाही म्हणाली. औषध एकदा आत गेलं की ते उपसून काढता येत नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर? आपण पोचायच्या आत सुई टोचलेली असली तर? नवऱ्याला काय सांगायचं, घर वाचवायला तुझी आई घालवली?

ती वॉर्डात शिरली तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. डॉक्टर खाटेशी उभा होता. नर्सच्या हातातल्या ट्रेमध्ये सुई होती. मालकीणबाई ओला नॅपकिन सासूबाईंच्या कपाळावर ठेवत होत्या.

‘थांबा,’ धाकटी ओरडली. आवाज इतका चिरका निघाला की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. ‘आमच्या घरात उंदीर आहेत.’

‘अगं बाई, कुठून आले?’ मालकीणबाई म्हणाल्या. ‘सांगायचं ना, सापळे दिले असते.’

‘आले नाहीत. मी पाळलेत. अठरा. यांना त्यातली एक चावली आहे. डॉक्टर, उंदीरचाव्याचा ताप आहे हा.’

नॅपकिनचा हात कपाळावरच थांबला. मालकीणबाईंनी तो सावकाश उचलला, पाण्याच्या भांड्यात ठेवला आणि दोन पावलं मागे सरल्या.

‘खोटं बोलते ही,’ खाटेवरून खरखरीत आवाज आला. सासूबाई मान हलवत होत्या. ‘मी त्या घाणीला हात लावत नाही. विचारा कुणालाही.’

धाकटीने पांघरूण सारलं आणि त्यांची उजवी मूठ दोन्ही हातांत धरली. सासूबाई कळवळल्या. धाकटी रडत होती, पण तिने बोटं सोडवली, एकेक करून, करंगळीपासून. पहिल्या बोटाच्या पेरावर खपली धरलेल्या बारीक खुणा होत्या. वर दोन, अगदी जवळ जवळ. खाली दोन. कुणाच्याही दातांचा ठसा बघून जबडा ओळखणारी बाई ती, तिला भिंग लागलं नाही.

डॉक्टरने वाकून बघितलं आणि चष्मा काढून हातात घेतला. मग त्याला बोलायला सवड उरली नाही. ट्रे परत गेला. रक्त पुन्हा काढलं गेलं, आणि तपासणाऱ्यांना काय शोधायचं ते नाव घेऊन सांगितलं गेलं, कारण हे जंतू नेहमीच्या तपासणीत सहजासहजी सापडत नाहीत. हृदयाची तपासणी ठरली. दुसरंच इंजेक्शन आलं.

‘ते आधीचं औषध गेलं असतं तर?’ धाकटीने विचारलं.

‘तो विचार आता नको,’ डॉक्टर म्हणाला. मग थांबून म्हणाला, ‘पण मी तुम्हाला विचारलं होतं.’

याहून जास्त तो काही बोलला नाही. बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या. पर्स खांद्याला लावलेली. ‘तीन दिवस मी यांना माझ्या हाताने सूप पाजतेय,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तू माझ्या तोंडावर नाही म्हणालीस. मी उभी होते म्हणूनच म्हणालीस ना?’

‘हो,’ धाकटी म्हणाली.

‘महिनाअखेरपर्यंत ठरव. ते राहतील किंवा तुम्ही राहाल.’ आणि त्या गेल्या. चपलांचा तोच आवाज, आता जिना उतरत जाणारा.

इंजेक्शन दिल्यावर ताप लगेच पळत नाही. मंगळवारची दुपार गेली, बुधवार अख्खा गेला. धाकटी स्टुलावर बसून सासूबाईंची छाती खाली-वर होते का ते बघत होती. हातात उंदीर धरून त्याची छाती कानाशी लावायची तिला सवय होती. बारीकशी घरघर तिला वीतभर अंतरावरून कळायची. सात उंदरांची वजनं तिला तोंडपाठ होती. आणि याच घरातली बाई आठवडाभर उजव्या हाताने चमचा धरत नव्हती, ते तिला दिसलं नव्हतं. हृदयाचा रिपोर्ट घेऊन डॉक्टर आला तेव्हा ती उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. हृदय शाबूत होतं. ‘अजून एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं,’ तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी तिने कपाळावर हात ठेवला तर कपाळ ओलं आणि थंड होतं. ती इतकी घाबरली की हात झटकन मागे घेतला.

‘मेले नाहीये,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पाणी दे.’

पाणी पिऊन झाल्यावर त्या छताकडे बघत पडून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘अकरा आहेत का?’

‘काय अकरा?’

‘पिल्लं गं. अकराच्या अकरा आहेत का?’

‘आहेत.’

‘डोळे उघडले?’

‘सगळ्यांचे उघडले. परवाच.’

सासूबाईंनी लांब श्वास सोडला. ‘एक खाली पडलं होतं. आईला लुचत होतं, ती टुणकन वर उडी मारायला गेली तर तसंच लटकत गेलं नि गजांतून बाहेर. मी तुझ्या त्या जावईबापूला मांडीवर घेऊन बसले होते, तर फरशीवर हे पडलेलं. बोटभर. थंडगार. मुठीत धरलं, फुंकर घातली, घातली, तेव्हा कुठे हललं. परत ठेवायला गेले तर तिने धरलं बोट. तिची काय चूक? तिला वाटलं, कुणीतरी तिचं पोर उचलायला आलं.’

‘मग सांगायचं ना, आई!’ धाकटीचा आवाज फुटला. ‘त्याच दिवशी सांगितलं असतं तर एका गोळीवर भागलं असतं. सोमवारी विचारलं तेव्हा तरी सांगायचं. जीव गेला असता तुमचा.’

‘सांगितलं असतं तर तू तिला डब्यात घालून दुकानात दिली असतीस.’

‘जिवापेक्षा...’

‘तूच म्हणतेस ना,’ सासूबाई म्हणाल्या. अजूनही छताकडेच बघत होत्या. ‘चावली की गेली. एकदा दात लावला की भरवसा नाही. ऐकलंय मी. थोरलीकडून मी कशी आले, ते मला ठाऊक नाही का? तिथून इथे आले. इथून पुढे कुठलं दुकान आहे, मला माहीत नाही.’

धाकटीला तो फोन आठवला, आपलं हसणं आठवलं, आणि थांबलेल्या सुया आत्ता, इतक्या महिन्यांनी ऐकू आल्या. आठवडाभर ती चाव्याला घाबरली होती, तापाला घाबरली होती, मालकीणबाईंच्या चपलांना घाबरली होती. आणि पलीकडच्या खोलीत ही बाई सात महिने तिला घाबरून विणत बसली होती.

‘मालकीणबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय,’ तिने शेवटी सांगितलं. ‘उंदीर तरी जातील, नाहीतर आपण तरी.’

सासूबाईंनी छतावरची नजर काढली. ‘मग?’

‘मग काय. जायचं तर सगळेच जाऊ. काजळी, अकरा पिल्लं, जावईबापू, बाकीचे, तुम्ही, मी. तुमच्या मुलाचा ट्रक आहे, सामान हलवायला माणूस बघायला नको. दुसरं घर शोधू, आणि आधीच सांगून घेऊ, आमच्याकडे काय काय आहे.’

‘काय काय आहे?’

‘उंदीर आहेत म्हणून सांगू. आणि सासू आहे.’

‘दोन्ही चावतात म्हणून सांग,’ सासूबाई म्हणाल्या. ‘नंतर भांडण नको.’

आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते; हसताहेत की काय, ते पाठीवरून कळत नव्हतं. उजवा हात मात्र त्यांनी मागे चादरीवरच राहू दिला, बोटं सैल, तळवा वर. धाकटीने तो हात धरला आणि नर्स थर्मामीटर घेऊन येईपर्यंत सोडला नाही.